दुधाच्या वाटेवरचा परण्या

आमच्या घरात माणसाच्या सोयरिकीला सात पिढ्या बघायचे आणि घोडीच्या सोयरिकीला फक्त रंग.

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा टांगा होता. आसपासच्या गावांतलं दूध गोळा करून संस्थेचे कॅन येडशी स्टेशनला पोचवायचे, हे त्यांचं काम. टांग्याला चिमणी नावाची घोडी होती. अस्सल भीमथडी तट्टू; बुटकी, पोटाळ आणि इतकी गरीब, की दुष्काळात कडबा मिळेना तेव्हा तिनं टांग्याच्या गादीतलं गवत खाल्लं, पण कुणावर दात उगारला नाही. (गादीवर बसणाऱ्यांनी मात्र उगारला.)

दुष्काळ सरल्यावर दादांना चिमणीच्या वंशाची काळजी लागली. त्याच सुमारास कळंबला एका वरातीत त्यांनी काठेवाडी घोडा पाहिला. पांढराशुभ्र, ताठ मानेचा, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. दादा जागच्या जागी विरघळले. घोडेवाल्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. तो बिचारा खरं तेच बोलला, "देखणा हाय, पर चावतंय लई. अन् हलगी वाजली की माझ्या बापाचं बी ऐकत न्हाय."

"रंग बापाचा येईल, गुण आईचा," दादा म्हणाले. जणू देवाकडं यादी देऊन आले होते.

शिंगरू झालं ते मातकट रंगाचं. उंची आईची, पोट आईचं, सुस्ती आईची. बापाकडून त्यानं दोनच गोष्टी उचलल्या, कान आणि दात. दादांनी त्याचं नाव राजा ठेवलं, आणि कुणी काही बोलायच्या आत ते म्हणत, "कान बघा."

राजा आईच्या टांग्यामागं पळतच मोठा झाला. दुधाच्या प्रत्येक दारापुढं चिमणी थांबायची, मागं कॅन ठण्णकन आदळला की पुढं निघायची. तिची ती सवय होती. राजानं तो धर्म मानला. चिमणी थकल्यावर टांगा त्याच्याकडं आला, तेव्हा कॅनचा आवाज झाल्याशिवाय तो दारातून हलेना. ओढलं तर चावे.

पुढं माझं लग्न ठरलं. मुलगी तेरजवळच्या एका गावातली, सुमन. तिचं घर दुधाच्या वाटेवरचं शेवटचं. तिथून पुढं सरळ येडशीचा रस्ता. तिच्या चुलत्यांनी माझी कुळी विचारली, आजोळ विचारलं, मी तंबाखू खातो का हेही तिघांकडून काढून घेतलं. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला घोडा कोणता, ते तेवढं विचारायचं राहिलं. दादांनी भाड्याचा घोडा आणू दिला नाही. घरचा राजा असताना लोक काय म्हणतील, म्हणे!

चुलते कडक होते. गोरज टळली तर पोरगी बोहल्यावर उभी करणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळं मारुतीला नमस्कार करून वेळेत मांडवात पोचणं, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

सुमनच्या गावातल्या मारुतीपुढं हलगी कडाडली आणि राजाच्या अंगात बाप आला. तो मागच्या दोन पायांवर उभा राहून गरगर फिरू लागला. माझं बाशिंग नाकावर उतरलं. मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि मारुतीला नमस्कार करायचा तो राजालाच करू लागलो. शेवटी कुणीतरी हलगीवाल्याचा हात धरला. हलगी थांबली आणि राजाच्या अंगात आई आली. तो शांतपणे चालत निघाला आणि दुधाच्या पहिल्या दारापुढं थांबला.

लोकांनी ओढलं, ढकललं. माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा फेटा त्यानं दातात धरला आणि चघळून खाली टाकला. सूर्य टेकायला आला होता. मांडवातून चुलत्यांचे निरोपावर निरोप येत होते. दादांनी घोड्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्याला क्यान पायजे."

गावातले झाडून सगळे कॅन मांडवात पाणी भरून ठेवलेले. मेव्हणा बोडक्या डोक्यानं पळत गेला आणि एक ओतून घेऊन आला. ठण्ण! राजा निघाला. पुढचं दार, पुन्हा ठण्ण! असा माझा परण्या निघाला; पुढं मी, मागं कॅन बडवत मेव्हणा, आणि प्रत्येक दारात बायका हसून हसून भिंतीला टेकलेल्या.

शेवटचं दार म्हणजे मांडवच. राजा बरोबर तिथं थांबला. अजून उजेड होता. मी बाशिंग सरळ केलं, रुबाबात एक पाय उचलला आणि त्याच क्षणी मेव्हण्यानं सवयीनं कॅन आदळला.

राजा येडशीकडं निघाला. मी आडवा, एक पाय हवेत, मांडव मागं मागं चाललेला. चुलते ओरडत होते की नवरदेव पळाला!

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवरी मांडवातून धावत आली आणि घोड्याच्या पुढं उभी राहिली. रोज सकाळी तिच्या घरचा कॅन टांग्यात तीच ठेवायची. राजाला भाकरीचा तुकडाही तीच द्यायची. "ऱ्हाव रं," ती म्हणाली. राजा थांबला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या संसारातलं ते पहिलं वाक्य. "उतरा आता."

मी उतरलो. गोरज साधली.

वर्षाच्या आतच आम्हाला मुलगा झाला. दादांनी नातवाला उजेडात धरलं आणि कौतुकानं म्हणाले, "रंग बघा."

"रंग ऱ्हाऊ द्या, मामंजी," सुमन अंथरुणातूनच म्हणाली. "बापावर गेलंय का ते बघा आधी. गेलं असंल तर याच्यासाठी बी क्यान घ्यावा लागंल."

चहा कधी होतोय याची वाट बघत मी सकाळपासून एकाच जागी बसलो होतो.