धानातली माता

आमच्या घरात बायबल एकच आहे आणि सासूही एकच. दोन्ही मला पूर्ण समजल्याचा माझा दावा नाही.

आम्ही अड्याळचे प्रोटेस्टंट, मूर्ती न मानणारे; सासूबाई नागपूरच्या पक्क्या कॅथलिक. बायको लग्नानंतर आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आली. पण सासूबाई मुक्कामाला आल्या की मला तिचाही भरवसा वाटत नसे. लाईट गेली म्हणून तिनं मेणबत्ती लावली, तरी मेणबत्तीमागे कोण उभं आहे ते मी आधी पाही.

त्यात यंदा मला मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, नेमायचं घाटत होतं, आणि त्याआधी आमचे धर्मगुरू पाळकसाहेब भंडाऱ्याहून घरी चहाला येणार होते. नेमक्या त्याच सकाळी सासूबाईंच्या पिशवीतून वीतभर मरीयामाता निघाली आणि टीव्हीशेजारी उभी राहिली.

"शास्त्रात कुठं आहे हे?" मी विचारलं. (हा माझा आवडता प्रश्न. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी तोच विचारतो.)

"देवदूतानं तिले नमस्कार केला, तो बायबलात, लूकाच्या शुभवर्तमानात हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमी का देवदूतापरस मोठे लागून गेले, जवाईबापू?"

मी म्हणालो, तो नमस्कार आहे, प्रार्थना नाही. त्या म्हणाल्या, आम्हीही पूजा करत नाही. आमच्यासाठी प्रार्थना कर, एवढंच तिला म्हणतो. तुम्ही पाळकाला म्हणताच की! शेवटी त्या आंघोळीला गेल्यावर मी माता उचलली आणि मागच्या खोलीतल्या धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, खोल खुपसली. धान गिरणीवर न्यायला अजून आठवडा आहे, असा माझा समज होता.

बायकोनं दुपारीच शेजारच्या शकुनकाकूंना पोतं भरायला बोलावलं. काकूंनी ढोलीत हात घातला आणि किंकाळी फोडली, "अवं माय, धानातून माता निघाली!"

आमच्याकडे धान म्हणजे लक्ष्मी. त्यातून साक्षात माता निघाल्यावर गल्ली घरी थोडीच बसते? हळदकुंकू आलं, उदबत्त्या आल्या, नारळ आले. हा चमत्कार नाही, असं मी एकेकाला सांगत सुटलो.

"मंग ते धानात गेली कशी?" काकूंनी विचारलं. यावर मी उदबत्त्या विझवायला धावलो.

पाळकसाहेब दारात पोचले तेव्हा माझ्या ओसरीवर आरतीची तयारी चालली होती. माझं वडीलपण डोळ्यांदेखत कुंकवात बुडत होतं. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या.

"नारळ फोडू नका, बायांनो. हे देवी नाही, येशूची माय हाय. काना गावच्या लग्नात तिनंच सांगतलं, माहा पोरगा सांगन ते करा. मागाचं ते त्याले मागा."

गल्लीला हे मला इतक्या वर्षांत पटवता आलं नव्हतं. बाया निमूट नारळ घेऊन उठल्या. "हे तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे, मावशी," पाळकसाहेब खूश होऊन म्हणाले. मग मातेच्या पदरावरचं धान झटकत त्यांनी विचारलं, हिला ढोलीत कोणी घातलं? बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हे शास्त्रात कुठी हाय जी?"

वडील दुसरेच कोणी झाले. मूर्ती सासूबाईंबरोबर नागपूरला परतली, पण आमच्या घराला 'मातेचं घर' हे नाव पडलं ते पडलंच. परवा पाळकसाहेबांनीच धाडलेला एक पाहुणा चौकात नेमका मला विचारू लागला, मातेचं घर कुठी हाय? मी शास्त्राधार न मागता त्याला घरी घेऊन आलो!