आक्काचा रिपोर्ट

उजव्या बरगडीखाली तळहात ठेवायचा, आत कुणी झोपलंय अशा बेतानं, आणि मग दबक्या आवाजात विचारायचं, "ताई, आक्का काय म्हणती?"

मी बारामतीत एका लॅबमध्ये रक्त घेते. तुमच्यापैकी कुणी सकाळी उपाशीपोटी तिथल्या बाकावर बसला असाल, तर हा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. निमगाव केतकीत त्याचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. त्याचं यकृत निकामी झालं तेव्हा बावड्याला दिलेल्या थोरल्या बहिणीनं आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला. तेव्हापासून तो त्या तुकड्यालाच आक्का म्हणायचा. जन्मभर हॅलो हॅलो करून गाव उठवलेला माणूस, पण बहिणीबद्दल वाकडं बोलायचं असलं की मला खुणेनं जवळ बोलवायचा. "हळू. ती ऐकती."

यकृताचा एसजीपीटी हा आकडा वाढला की आक्का रागावली. एकदा तसं झालं, तर डॉक्टरांच्या आधी त्यानं बावड्याला फोन लावून माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनंही विचारलं नाही. त्यानं माफी मागावी असं तिच्याकडं बरंच शिल्लक असावं.

मग एक रिपोर्ट असा आला, की यकृताचे सगळे आकडे चोख, पण क्रिएटिनिन चढलेलं. किडन्या थकायला लागल्या की माणसाला काही जाणवायच्या आधीच रक्तात हा आकडा वाढतो. नवं यकृत टिकवायच्या गोळ्यांनीही तसं होतं. आजच पुण्याच्या डॉक्टरांना गाठा, म्हणून मी बजावलं. तो मात्र खुशीत. संध्याकाळी पिंपळीत लग्न होतं, मंडप त्याचा होता.

"आक्का बरी हाय न्हवं? मग झालं. किडन्या माझ्या सोताच्या हायत. त्यांचं कोण ऐकतंय?"

आमच्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. शेवटी मी त्याच्या बहिणीला फोन केला. ती मिळेल त्या एसटीनं निघाली आणि थेट पिंपळीच्या मंडपात उतरली. पुढचं मला त्या वऱ्हाडातल्या एका बाईनं सांगितलं. हा माईक तपासत उभा होता आणि माईक चालू होता.

"काळीज कापून दिलं ते किडन्या वाया घालवाया न्हाय," सगळ्या पिंपळीनं ऐकलं. "ऊठ."

तो उभाच होता. उठला तो नवरदेव.

त्याच संध्याकाळी ती त्याला पुण्याला घेऊन गेली. गोळ्यांचं प्रमाण बदललं आणि आकडा हळूहळू खाली आला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर किडन्या हातच्या गेल्या असत्या.

पुढं काही वर्षांनी ती बावड्यात वारली. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली, ती उठलीच नाही. दिवसकार्य उरकून तो तपासणीला आला. सुई टोचली तरी त्याचं लक्ष नव्हतं. रिपोर्ट होईपर्यंत बाकावर बसून राहिला आणि आत आल्यावर काहीच विचारलं नाही. मीच एकेक आकडा वाचला. सगळे चोख होते.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजी तिला अजून कळलं न्हाय," बरगडीखाली तळहात ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला.

बाहेर पुढच्या माणसानं दार ढकललं. त्याला मी जरा थांबायला सांगितलं.