सुसानाबाईंनी नाकारलेलं बी

नवापूरच्या डोंगरातल्या त्या गावात सुसानाबाई गावितांबद्दल कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. बाईंनी आयुष्यात एकच वाईट गोष्ट केली आणि ती मी त्यांना करायला लावली. मी म्हणजे हेमकांत पाटील, तिथला कृषी सहायक. माझं घर शहादा तालुक्यात, तापीकाठी, गुजर शेतकऱ्याचं. कापूस, केळी, ऊस. आमच्याकडे बी थैलीतून येतं, दुकानातून. डोंगरावर बदली झाली तेव्हा मला भाताचं एक वाण दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हतं. हे अर्थात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओळखायला शिकवलं सुसानाबाईंनी. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. घरात कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, माझ्याशी चौथीपर्यंतच्या शाळेतली मराठी. नवरा योहान गुरांमागे, त्यामुळे भाताचं सगळं बाईंच्याच हातात. त्यांच्याकडे काळकुसळी नावाचं भात होतं. लोंबीला लांब काळी कुसळं, इतकी टोकदार की रानडुकरं तोंड लावत नाहीत. वर पंधरा-वीस दिवस पाऊस गायब झाला तरी उभं राहतं. कापणीच्या आधी बाई उभ्या पिकातून एकट्या फिरायच्या, एकेक लोंबी निवडायच्या, त्यांच्या जुड्या चुलीवर टांगायच्या. धुरानं कीड लागत नाही. तीन गावांत ज्याचं बी संपेल तो बाईंकडे यायचा. मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही आणि त्यानं पीक आल्यावर तेवढंच परत आणून द्यायचं, एवढाच नियम. सासूनं बाईंना तो सांगितला होता, सासूला तिच्या सासूनं.

मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथं कळलं की शेतकऱ्याच्या वाणाचीही सरकारदरबारी नोंद होते, जसं औषधाचं पेटंट असतं तसा हक्क मिळतो. झालं, मी पेटलो. फॉर्म भरले, बियांचे नमुने पाठवले, तपासणीचे प्लॉट झाले, चिठ्ठ्याचपाट्या झाल्या. तीन वर्षं लागली. शेवटी दाखला आला, सुसाना योहान गावित यांच्या नावानं. पेपरात फोटो आला. त्यात बाई कडेला आणि मी मधोमध. आता तो फोटो बघवत नाही.

तोपर्यंत बाई मला भाऊ म्हणायच्या. दाखल्यानंतर साहेब म्हणायला लागल्या. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

दाखल्यासोबत कायद्याची पुस्तिका आली होती. तिचं पहिलं पान मी वाचलं: वाणाचं उत्पादन, विक्री, वाटप यांचा हक्क नोंदणीधारकाचा. पुढची पानं चाळली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. माझी आई जसोदाबाई लहानपणापासून मला सांगत आलीय, "तुन्हा तोंडले लगाम नही शे." मी गावच्या बैठकीत उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं की आता हे बी असं वाटायचं नाही. उद्या एखादी कंपनी कुणाच्या तरी घरून मूठभर उचलेल आणि आपल्या नावावर करेल. केस होईल, कोर्ट होईल. लोक गप्प ऐकत होते. मला वाटलं, पटलंय.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी बाईंच्या ओसरीवर चहा पीत होतो, तेव्हा त्यांची धाकटी जाऊ सुषमा टोपली घेऊन आली. तिची कणगी उंदरांनी पोखरली होती, पेरायला दाणा नव्हता. तिचं शेत वरच्या अंगाला, खडकाळ. तिथं काळकुसळीच येते, दुसरं काही नाही. सुषमा काही बोललीसुद्धा नाही, टोपली समोर ठेवली. बोलायची पद्धतच नाही.

बाई उठल्या, अर्ध्यावर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"सुषमाबाई," मी म्हणालो, "आता तसं देता येत नाही. कायदा आहे."

सुषमानं माझ्याकडे बघितलंच नाही. ती जावेकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, "साहेब सांगतात ना. नाही देता येत."

सुषमा टोपली उचलून गेली. मी उरलेला चहा प्यायलो आणि बाईंना शाबासकी दिली. हो, शाबासकी दिली.

सुषमानं दुकानातलं बी आणून टाकलं. जुलैत पावसानं अठरा दिवस दडी मारली आणि तिचं वरचं शेत वाळून गेलं. शेजारीच बाईंची काळकुसळी हिरवीगार उभी होती. दिवाळीनंतर सुषमा आणि तिचा नवरा ऊसतोडीला बारडोलीकडे निघून गेले. त्याआधी ते कधी गेले नव्हते.

यंदा मे महिन्यात खरिपाच्या आधीचं प्रशिक्षण होतं, नंदुरबारला. विद्यापीठातून आलेल्या एक बाई शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, वाणनोंदणीचं काम कुणी केलंय? माझा हात सगळ्यांत वर. मी काळकुसळीची गोष्ट सांगितली आणि छाती फुगवून पुढं म्हणालो, "आम्ही तर बी देणंघेणं बंदच करून टाकलंय."

"बंद?" त्या म्हणाल्या. "कुणाच्या सांगण्यावरून?"

मग त्यांनी त्याच पुस्तिकेतलं एकोणचाळिसावं कलम मोठ्यानं वाचलं. शेतकऱ्यानं बी राखावं, पेरावं, बदलावं, वाटावं, विकावं सुद्धा, पूर्वी करत होता तसंच. फक्त नोंदलेल्या वाणाचं बी ब्रँड लावलेल्या पाकिटातून विकता येत नाही. कायद्याच्या नावातच शेतकऱ्यांचे हक्क आहेत, त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी खाली बसलो आणि दिवसभर टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो.

गावात जाऊन हे सांगायला मला नऊ दिवस लागले. एक दिवस गाडी पंक्चर होती, ते खरं. बाकीचे आठ माझे.

बाई अंगणात सुपानं धान्य पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कलमासकट. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे कधीपासून देता येत होतं?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं, त्या बोल लावतील. मी तयारी करून आलो होतो. तसं झालं असतं तर मी सुटलो असतो.

"तुमच्यामुळे नाही म्हटलं असं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं, हे बरोबर नाही. कागद काही बोलो, बी मागणारीला परत पाठवत नाहीत. पण त्या दिवशी मला बरं वाटलं. कागदावर माझं नाव. सुषमा मागत होती आणि देणं न देणं माझ्या हातात होतं. थोडंसंच वाटलं. पण वाटलं." त्या जमिनीकडे बघत होत्या. "दरवर्षी पहिल्या लोंब्या मी चर्चमध्ये नेते. गेल्या वर्षी नेल्या नाहीत. पास्टरना सांगितलं, अंगात ताप आहे."

दाखला आणून देणारा मी, आणि आता माझ्यासमोर ही बाई त्याची लाज सांगत होती. मी फक्त म्हणालो, सुषमा परत आलीय का. आली होती, चारच दिवसांपूर्वी.

बाईंनी कणगीचं तोंड फोडलं, टोपली शिगोशीग भरली आणि डोक्यावर घेतली. मी मागून निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण न जाणं आणखी वाईट झालं असतं.

सुषमा दारात बसली होती, हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. बाईंनी टोपली तिच्या समोर ठेवली. सुषमानं तिला हात लावला नाही. जावेकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"साहेब, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हिनं दिलं, मी घेतलं, त्यात गुन्हा नाही, असं. सही करा. हिची पण सही घ्या."

"त्याची काही गरज नाही, सुषमाबाई. मी सांगतोय ना."

"मागच्या वर्षी पण तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी डायरीतलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि खाली सही केली. मग पेन सुसानाबाईंकडे दिलं. ज्या घरात सासूपासून बी नुसतं टोपलीत यायचं-जायचं, तिथं जावेनं जावेला बी दिल्याचा कागद झाला. बाईंनी सावकाश, अक्षर अक्षर लावत नाव लिहिलं. सुषमानं पान घडी करून कमरेला खोचलं आणि मगच टोपली आत नेली.