डाव्या सीटचे धागे

खरं सांगते, देवाच्या गोष्टी लिहिणारी मी न्हाई. आमच्या घरात देवाचं सगळं पप्पांकडं, मी फक्त प्रसाद खाणारी. पण ह्या संकष्टीला जे झालं ते मी भेटंल त्याला सांगून राह्यले, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आमची जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी. नाला असो, चिखल असो, खडक असो, कुठूनपण निघते. पप्पा दर संकष्टीला ती घेऊन हसनाबादहून राजूरच्या गणपतीला जायचे, आणि गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्यांना चालवत न्हाई, एसटीत चढवत न्हाई, त्या सगळ्यांना मागं बसवून न्यायचे. पण स्टेरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे न्हाईत. मला शिकवली, लायसनपण काढून दिलं, पण चालवायची शेताच्या बांधापर्यंतच. रस्ता लागला की, "हं, उतर आता."

मंग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणले, पाठ पूर्ण टेकंल अशा सीटवरच बसायचं, न्हाईतर गाडीत बसायचंच न्हाई. आमच्या जीपच्या सीटा म्हणजे लोखंडी पाइपाच्या फ्रेमवर रेग्झिनची गादी, पाठ कमरेच्या वर येतच न्हाई. संकष्ट्या यायच्या आणि जायच्या. शेजारच्या काकांनी त्यांची कार देऊ केली तर पप्पा म्हणले, "माझी माणसं इथं सोडून मी एकटा एसीत जाऊ? बाप्पाला न्यायचं असंल तर तो नेईल." असं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडले. हळूहळू बोलणंच कमी झालं त्यांचं. मला तर देवाचा रागच आल्ता. इतकी वर्षं ह्या माणसानं तुझ्याकडं माणसं आणली, आणि तू त्यालाच घरी बसवलं?

एक दिवस मोबाइलवर बघितलं, लोक जुन्या जीपला नव्या कारच्या सीटा बसवून राह्यले! झालं, मी जालन्याला गेले आणि मागून ठोकर बसलेल्या एका कारच्या पुढच्या दोन सीटा घेऊन आले. एकदम कोऱ्या! उंच पाठ, डोकं टेकायला उशी, खटका ओढला की मागं झुकते. पप्पांना सांगितलं, "ह्या संकष्टीला तुम्ही राजूरला, बस." ते उठून बसले. तेवढ्यानंच मी हवेत.

आता माझा शहाणपणा ऐका. डाव्या बाजूची जुनी सीट पान्यानं खोलून खाली ठेवली, आणि तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा. म्हटलं चला, अर्धं काम संपलं, आणि गादी-फ्रेम सगळं उचलून त्याच्या टेम्पोत टाकून दिलं. मंग नवी सीट ठेवून बघते तर तिचे पाय जीपच्या एकाही भोकावर बसंनात, एक पाय तर हवेतच. जुन्या फ्रेमवर पट्ट्या वेल्ड करून त्याच्यावर नवी सीट बसवायची असते, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं निदान उजवी तरी होऊ दे, पप्पांना तीच तर पाहिजे. पण उजव्या सीटच्या खाली डिझेलची टाकी. टाकीवर फ्रेम, फ्रेमवर नवी सीट, आणि वर बसले तर डोकं हुडाला आणि गुडघे स्टेरिंगला! उजवीकडं गुपचूप जुनीच सीट परत लावली. डावीकडं मोकळा पत्रा.

पप्पा काठी टेकत बाहेर आले. डाव्या बाजूला बघत म्हणले, "फ्रेम कुठंय?"

"भंगारात दिली."

त्यांनी काठीनं मोकळा पत्रा ठोकून बघितला. आई बोलली. मी तान्ही असताना लई आजारी होते, आणि बरी झाल्यावर ती मला मांडीवर घेऊन त्या सीटवर बसून राजूरला गेल्ती. तिथला लाल धागा पप्पांनी सीटच्या मागच्या पाइपाला बांधला, आणि मंग दर संकष्टीला एक, माझ्या नावानं. ते गाठोडं मी रोज बघायचे हो! मला ते ग्रीस पुसायचं फडकं वाटायचं.

"तुला नुसतं लोखंड दिसलं का गं?" आई म्हणली.

"जाऊ दे," पप्पा म्हणले. "बाप्पाचं होतं, त्यानं नेलं." आणि आत जाऊन परत भिंतीकडं तोंड.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी स्कूटी काढून भंगारवाल्याला शोधत फिरले. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत न्हाई. संकष्टीच्या आदल्या दिवशी जीपमधी बसले आणि मोठ्यानं म्हणले, "गणपतीबाप्पा, माझ्याच्यानं न्हाई होत. आता तूच बघ." ह्याला प्रार्थना म्हणता येईल का माहीत न्हाई. मी सरळ हात टेकल्ते.

सकाळी दारात टेम्पो थांबला. भोंगा बंद. पांढऱ्या दाढीचे तेच भंगारवाले चाचा, आणि हातात आमची फ्रेम, धाग्यांसकट!

"बेटी, ये इसीच घर का है ना? नीम के नीचे जीप खडी थी, याद था मेरेकू. इसको धागे बंधे हैं. किसी की मन्नत पे कटर कैसा चलाऊँ मैं? बाकी लोहा गया सब, ये अलग रखा. वाटूर की तरफ गया था, आज इधर का फेरा. रोड पे लोगां राजूर को पैदल जा रहे, तो बोला पहले ये देके आता."

मला रडूच आलं. पप्पा आतून उठून आले, धाग्यांवरून हात फिरवला आणि म्हणले, "चाचा, बसा. चहा घ्या."

"चाय बाद में पीता. पहले बच्ची का काम बोलो."

चाचांनी फ्रेम परत टेम्पोत टाकली, नवी सीटपण टाकली, आणि मला घेऊन स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडं. ठिणग्या उडून राह्यल्त्या, आणि चाचांनी धाग्यांना स्वतःचा रुमाल ओला करून गुंडाळला. एकपण धागा जळला न्हाई. घरी येऊन सगळे नट आवळले, मंग मी सीटला धरून गदागदा हलवलं. अख्खी जीप हलली, सीट बिलकुल हलली न्हाई.

दुपार कलल्यावर मागं सगळे म्हातारे बसले. पप्पा आले ते सवयीनं उजव्या बाजूला. तिथं जुनीच सीट. त्यांनी ती बघितली, डावीकडची नवी बघितली, आणि चावी मुठीत धरून उभेच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, न्हाई जायचं. तेवढ्यात मागून कडूबाई आजी ओरडल्या, "आरं बस की पोरीच्या बाजूला! चंद्र उगला तरी उपाशी ठेवतो का आम्हाला?"

सगळे हसले. पप्पांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

अर्ध्या रस्त्यापर्यंत ते डावीकडं बसून ब्रेक दाबून राह्यल्ते, जिथं ब्रेकच न्हाई! "खड्डा बघ. तिसरा टाक, तिसरा." मंग आवाज बंद झाला. मी बघितलं तर पाठ पूर्ण टेकलेली, डोकं उशीला, आणि पप्पा झोपलेले. ऑपरेशन झाल्यापासून एवढी गाढ झोप मी बघितलीच नव्हती. देवळाचा कळस दिसला तरी मी त्यांना उठवलं न्हाई, गाडी फक्त हळू केली.

दर्शन मस्त झालं. धागा पप्पांनी माझ्याकडं दिला, आणि मी तो जुन्या धाग्यांशेजारी बांधला. चमत्कार होता का, मला विचारू नका. मला एवढंच कळतं की मी त्यांना उजवीकडं बसवायला धडपडत होते, आणि जागा डावीकडं तयार झाली. चाचांचे आणि बाप्पाचे उपकार मी वेगळे करूच शकत न्हाई.

निघताना पप्पांनी उजव्या बाजूला बघितलंपण न्हाई. सरळ डावीकडं बसले, खटका ओढून मागं झुकले आणि डोळे मिटून म्हणले, "हं. ने आता."