दर्शनाच्या रांगेतून माघारी

आजार उलटला तेव्हा मी देवघराकडे पाठ करून जेवायला बसू लागलो. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. केमो निमूटपणे सोसली, टक्कल मिरवलं, बरा झालो म्हणून आमच्या वरवट बकाल गावभर पेढे वाटले, आणि आता मानेत गाठ पुन्हा हजर. बायको दर गुरुवारी शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायची. "तुझे महाराज माझा पत्ता हरवून बसले," असं मी तिला टोचून बोललो. ती रागावली नाही. म्हणाली, "पत्ता त्याईले बराबर ठाऊक हाये. तुमीच घरी नसता." मी आणखी एक भाकरी मागितली.

मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत माझ्याच अंगात सोडायच्या. धोका एवढाच, की या पेशी चेकाळल्या तर घरच्याच अंगावर उठतात. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे मला हे चटकन कळलं. वरातीतली पोरं जोशात आली की मांडवाचे खांबच हलवतात. तसा अंगात ताप चढतो, बीपी उतरतो, कधी मेंदूवर परिणाम होऊन माणूस बरळतो. दंगा कमी व्हावा म्हणून आधी औषधं देऊन गाठ लहान करून घेतली. पुढचं सगळं वेळेवर अवलंबून होतं. लवकर लक्षात आलं तर इंजेक्शनांनी आवरता येतं, उशीर झाला तर जिवावर बेततं, हे डॉक्टरांनी बायकोसमोर स्पष्ट सांगितलं. शेगावच्या स्टेशनवर गाडीत बसताना तिने कळसाच्या दिशेने हात जोडले. मी सामान मोजण्याचं निमित्त केलं.

पेशी सोडल्यावर ताप आला, त्यावर इंजेक्शन दिलं, ताप उतरला. मेंदू जागेवर आहे का हे बघायला सिस्टर दिवसातून कितीदा तरी तेच प्रश्न विचारायची. साल कोणतं, ही वस्तू कोणती, काका, आपण आत्ता कुठे आहोत? पडून पडून मी इतका कंटाळलो होतो, की पहिल्याच दिवशी म्हटलं, "शेगावात." तिचा चेहरा पडला, मग मी हसलो आणि खरं उत्तर दिलं. पुढे ती आमची ठरलेली गंमतच झाली. बायको डोळे वटारायची, "मेंदूच्या परीक्षेत काऊन मस्करी करता?" पण मला वाटायचं, मस्करी सुचते म्हणजे डोकं शाबूत आहे.

शेजारच्या खोलीत साखरखेर्ड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचे यजमान होते. त्यांचाही उपचार तोच, माझ्यापेक्षा थोडा आधी झालेला. मुंबईत आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं म्हणून बायकोला माहेर भेटल्यागत झालं. बाई 'जय भीम' घालणाऱ्या, देवधर्म न मानणाऱ्या, बोलायला सडेतोड. एका दुपारी बायकोला खाली औषधं आणायला जायचं होतं, म्हणून मास्क लावून बाई माझ्याजवळ बसल्या. तेवढ्यात सिस्टर आली. कुठे आहोत, म्हणाली. मी म्हटलं, "शेगावात." ती हसली, वस्तू विचारल्या, त्या मी बरोबर सांगितल्या, आणि ती दाराकडे वळली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आठवतं ते वेगळंच. मी दर्शनाच्या रांगेत होतो. पायाखाली गार फरशी, पुढे कुणाची तरी पांढरी टोपी, कुठून तरी टाळांचा आवाज. आजार नाही, गाठ नाही, मनात कुठला हिशेब नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी रांगेत उभा होतो आणि मला घाई नव्हती. मी शेजारच्या बाईंना म्हणालो म्हणे, "बाई, लाइन सरकून राह्यली, चाला नं पुढं." आणि गादीवरून इंच इंच पुढे सरकू लागलो.

बाईंनी सिस्टरला दारातूनच परत बोलावलं. "हे गंमत करत नाहीयेत. गंमत करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतो, हसू आलं का ते. हे बघतच नाहीत. जन्म गेला माझा पोरांची तोंडं बघण्यात. डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता." डॉक्टर धावत आले. एक वाक्य लिहायला सांगितलं तर माझ्या हातून नुसत्या रेघोट्या उमटल्या. लगेच स्टेरॉइड चालू केलं.

समाधी दोन पावलांवर आली होती. एकाएकी टाळ थांबले, फरशी गेली, आणि वर हॉस्पिटलचं पांढरं छत दिसलं. मी रडलो. बायकोला म्हटलं, "दर्शन होऊनच राह्यलं होतं, अन् या लोकाईनं सुई टोचून मले लाइनीतून काढलं!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाली, "महाराजानंच काढलं म्हना. एवढ्यात काय काम हाये तुमचं तिथं?" अगदी सुरुवातीलाच सापडलं म्हणून थोडक्यात आवरलं, असं डॉक्टर म्हणाले.

गाठ गेली. बाईंचे यजमानही सुखरूप घरी आले. डॉक्टरांनी गर्दीत जायची परवानगी दिल्यावर मी शेगावला गेलो, दर्शन घेतलं, आणि तसाच गाडी काढून बायकोसोबत साखरखेर्ड्याला. बाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्या झटकन मागे सरल्या. "अहो, हे काय? मी काय देव आहे का?" मी म्हटलं, "तुमी देव मानत नाही, हे मले ठाऊक हाये." त्या मनमोकळं हसल्या आणि आम्हाला चहाला बसवलं.

त्या दुपारी मला जे दिसलं तो त्या पेशींचाच दंगा होता, असं डॉक्टर सांगतात. असेल. मी वाद घालत नाही. ज्या डोक्याच्या भरवशावर मी देवाशी भांडत होतो, ते डोकं हातून सुटलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. नवस करायला, धावा करायला, साधं नाव घ्यायलाही मी शुद्धीवर नव्हतो. माझ्याकडून काहीच झालं नाही, तरी मला कुणीतरी धरून ठेवलं होतं. आता हात जोडतो तेव्हा मागायचं काही आठवत नाही, नुसता उभा राहतो.