जावयाच्या इंजिनाला कूलर

स्क्रीनवर एकशे त्रेपन्न आलं आणि किशनरावांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

“साहेब, जावयानं नाव काढलं.”

किशनराव अहमदपूरचे शेतकरी. ज्यानं हे इंजिन बांधलं त्या गोविंदचे ते सासरे. थाप मारून होते न होते तोच त्यांनी मुरुडला व्याह्यांना, म्हणजे गोविंदच्या वडिलांना, फोन लावला. “व्याही, तुमच्या पोराच्या इंजिनानं एकशे त्रेपन्न एचपी काढले. हाव, एकशे त्रेपन्न. मी सोता इथं उभा हाय ना.”

ज्याचं हे कौतुक चाललं होतं तो गोविंद मात्र स्टुलावर तोंड पाडून बसला होता. त्याची बायको रेखा स्क्रीनकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, “सर, तीन जास्त आले.”

घोळ काय होता ते सांगतो. लातूरच्या एमआयडीसीत माझी इंजिन टेस्टिंगची शेड आहे. पुण्यात नोकरीत उभी हयात हेच केलं, आता आपल्या मुलखात येऊन स्वतःचं करतो. शेडमध्ये एक बंद खोली आहे, तिला आम्ही सेल म्हणतो. आत डायनो असतो. डायनो म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र. गाडीतून काढलेलं इंजिन स्टँडवर बोल्टांनी घट्ट बांधायचं, त्याचा शाफ्ट एका ब्रेकला जोडायचा आणि थ्रॉटल पूर्ण उघडायचा, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यासारखं. इंजिन जोरात फिरायला बघतं, ब्रेक त्याला अडवतो. अडवायला किती जोर लागला आणि त्या वेळी इंजिन किती वेगानं फिरत होतं, यावरून ताकद निघते. काचेच्या अलीकडं मी आणि माझा ऑपरेटर सलीम बसतो. पलीकडं आम्हा दोघांशिवाय कुणी जायचं नाही, असा माझा नियम. तो त्या दिवशी मोडला होता, पण ते मला अजून कळायचं होतं.

गोविंदनं मुरुडच्या गॅरेजात एका जुन्या हॅचबॅकचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. नवे पिस्टन, वेगळा कॅमशाफ्ट, हवा आत जायची वाट हातानं घासून मोठी केलेली. काम बघून मला बरं वाटलं होतं. गाडी चालवणार रेखा. ती शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत ऑटोक्रॉस पळते, म्हणजे मैदानावर मातीत आखलेल्या ट्रॅकवरची शर्यत. नांदेडजवळ शर्यत होती. तिच्या गटाला मर्यादा दीडशे बीएचपीची, म्हणजे किशनरावांच्या भाषेत दीडशे एचपीची. इंजिन त्याच्या आत आहे असा माझ्या सहीचा कागद संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. वर गेलं की ओपन क्लास, आणि तिथं मोठाल्या टर्बो गाड्या. त्यांच्यामागं हिनं नुसता धुरळा खायचा. वर्षभराची मेहनत तीन बीएचपीनं मातीत जायची वेळ आली होती.

“सर, टायमिंग जरा मागं घेऊ का?” गोविंदनं विचारलं. टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. ते मागं घेतलं की ताकद उतरते. “चार-पाच कमी करून टाकू.”

“तुझा हिशोब किती होता?”

“एकशे अठ्ठेचाळीस.”

“मग हे वरचे पाच कुठून आले?”

“न्हाई माहीत सर.”

“माहीत होईस्तोवर पान्याला हात लावायचा नाही.”

मी माणूस तिरसट आहे, हे कबूल. पण या धंद्यात एक गोष्ट पाहून ठेवली आहे. आकडा कमी आला की सगळे कारण शोधतात आणि जास्त आला की पेढे आणतात. समजा आकडाच खोटा असला आणि आम्ही इंजिनाची ताकद उतरवली, तर रेखा एकशे त्रेचाळीसवर पळणार. म्हणजे धडधाकट घोड्याला लंगडं करून शर्यतीत सोडायचं.

किशनरावांना हे अजिबात पटलं नाही. “कमी कशाला करून राहिलात साहेब? पाच एचपी म्हंजे माझ्या हिरीवरची मोटार हाय. सगळा ऊस भिजतो तिच्यावर. ती काय फेकून द्यायची?”

“बाबा, इथं जास्त चालत न्हाई,” रेखा म्हणाली.

“जास्त चालत न्हाई अशी कुठली शर्यत असती गं?”

प्रश्न बिनतोड होता. मी सलीमला पुन्हा रन घ्यायला सांगितलं.

पुन्हा एकशे त्रेपन्न. “साब, बराबर वहीच आया,” सलीम म्हणाला. म्हणजे आकडा उडत नव्हता, ठाम होता. मग इंजिन बंद करून आम्ही डायनोची परीक्षा घेतली. बाजूच्या दारानं आत जाऊन सलीमनं ब्रेकच्या दांड्याला ठरलेली वजनं टांगली, मी अलीकडून वाचलं. बरोबर. पेट्रोल आमच्याच सीलबंद कॅनमधलं. तेही बरोबर. सकाळी इंजिन नुसतं रनिंग-इन केलं होतं, हळूहळू फिरवून पार्ट बसवून घेतले होते. पूर्ण थ्रॉटल जेवणानंतरच उघडला होता, त्यामुळं ताडून बघायला सकाळचा आकडा नव्हता.

आणि मग माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. तिथं हवेचं तापमान दिसतं. चोपन्न डिग्री.

लातूर तापतं, त्यात काही शंका नाही. पण चोपन्न? तसं असतं तर आम्ही तिथं उभे नसतो, सांडगे झालो असतो.

हे तापमान का बघायचं तेही सांगतो. गरम हवा विरळ असते. ती खाऊन इंजिन कमी ओढतं, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. म्हणून कॉम्प्युटर हवा किती गरम ते सेन्सरवरून बघतो आणि तेवढी भर घालून आकडा देतो. लातुरातलं इंजिन आणि महाबळेश्वरातलं इंजिन एका पंगतीत बसावं, एवढाच हेतू. आता त्याला वाटत होतं, हे इंजिन चोपन्न डिग्रीची हवा खातंय. म्हणून तो भरमसाट ग्रेस मार्क वाटत सुटला होता.

सेन्सर गेला असणार असं म्हणत मी सेलमध्ये इंजिनाच्या मागच्या बाजूला गेलो, आणि थबकलो. एरवी उन्हाळ्यात तिथं भट्टी असते. त्या दिवशी गार वारं येत होतं, आणि वाळ्याचा मस्त वास. सतरंजी टाकून झोपावं असं वाटलं. मागच्या खिडकीला बाहेरून एक भलामोठा कूलर लावलेला होता, तोंड थेट इंजिनाच्या हवा ओढायच्या बाजूला. आमच्या ब्लोअरच्या, म्हणजे सेलमधल्या मोठ्या पंख्याच्या, आवाजात त्याची घरघर कुणाला ऐकू आली नव्हती. आणि एरवी तिथंच लोंबणारा माझा सेन्सर बाजूच्या पश्चिमेच्या खिडकीच्या लोखंडी गजाला गुंडाळलेला, रणरणत्या उन्हात.

मी बाहेर आलो. “कूलर कुणी लावला?”

सलीमनं गोविंदकडं पाहिलं. गोविंदनं माझ्याकडं. किशनरावांनी हात वर केला, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

“मी.”

धोंड्याचा महिना चालू होता. आमच्याकडं त्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. गोविंदला इंजिन सोडून सासुरवाडीला जायला सवड नव्हती, म्हणून सासुरवाडीच डबे घेऊन माझ्या शेडमध्ये आली होती. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि वाणाचे अनारसे. आम्ही सगळे ऑफिसात जेवत होतो तेव्हा किशनराव हात धुवायला म्हणून उठले होते. हात धुवायला माणसाला इतका वेळ का लागतो, हे मी तुपाच्या नादात विचारलं नाही.

“जावई धोंड्यात आला आन त्याला घाम येऊ द्यायचा?” ते म्हणाले. “इंजिन कुणाचं हाय? जावयाचं. सकाळपासून तापून राहिलं होतं. शेजारच्या डाळमिलवाल्याकडं माझी तूर जाती. त्याच्या हापिसातला कूलर मागून आणला, त्याच्याच गड्यांनी लावून दिला.”

“आणि ती वायर? ती उन्हात कशी गेली?”

“ती भिजली ना साहेब. कूलरच्या तोंडाशीच लोंबत होती. म्हणून वाळत घातली.”

सलीम पाणी प्यायला बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याच्या हसण्याचा आवाज मात्र येत होता.

आता सगळं जुळलं. थंड हवा खाऊन इंजिन मुळातच थोडं जास्त ओढत होतं, आणि वाळत घातलेला सेन्सर त्यावर आणखी ग्रेस मार्क मिळवून देत होता. मला राग यायला पाहिजे होता. पण पोटात त्यांचेच धोंडे होते, आणि समोरचा माणूस इतक्या मायेनं बघत होता की मला रागवताच येईना. मी गोविंदला बाजूला घेतलं. “मामांना सांग, कूलर काढा म्हणून.” सासऱ्याला तो मामाच म्हणतो.

“सर, तुम्हीच सांगा,” तो कुजबुजला. “धोंड्यात सासऱ्यानं दिलेलं न्हाई कसं म्हणू?”

शेवटी रेखाच पुढं झाली. “बाबा, डेअरीत फॅट काढायच्या टायमाला आपल्या कॅनमधी कुणी वरून साय टाकली तर?”

“तो चोर.”

“मग इथं काय झालं?”

किशनरावांचा चेहरा उतरला. “म्या चांगल्यासाठी केलं गं.”

“हाव बाबा, मला कळतंय. पण ते पाच तुमचे हायत, यांचे न्हाईत. ह्यांच्या कष्टाचं जे हाय तेवढंच कागदावर येऊ द्या.”

ते उठले. मिलचे गडी बोलावले आणि स्वतः एका बाजूनं धरून कूलर खाली उतरवला. मला फार वाईट वाटलं. माझ्या सेलमध्ये एखाद्या इंजिनासाठी कुणी इतक्या प्रेमानं काही आणलं नव्हतं आणि इतक्या मुकाट्यानं परत नेलं नव्हतं.

सेन्सर जागेवर लावला. खोली पुन्हा तापू दिली. कोपऱ्यात एक्केचाळीस दिसलं, म्हणजे आपलं लातूर परत आलं. सलीमनं थ्रॉटल उघडला. इंजिन चढत गेलं आणि आकडा थांबला, एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. गोविंदनं मुरुडच्या गॅरेजात बसून काढलेला हिशोब तंतोतंत उतरला होता. तो काचेला हात लावून उभा राहिला. रेखानं कागद माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि फोटो काढून पाठवला.

आता एकच काम राहिलं होतं. किशनराव शटरजवळ गेले आणि त्यांनी मुरुडला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

“व्याही, मघाशी मी एकशे त्रेपन्न म्हणलो ना, त्यातले पाच माझ्याकडले होते. धोंड्याचं वाण. तुमच्या पोराचे सोताचे एकशे अठ्ठेचाळीस.”

पलीकडून आवाज आला, “पाच एचपी? जावयाला हिरीवरची मोटार देऊन टाकली का काय?”

किशनराव इतके हसले की त्यांना शटरला टेकावं लागलं. मग आम्हीही हसून घेतलं.

नांदेडच्या शर्यतीत रेखा तिच्या गटात दुसरी आली. मी बघायला गेलो होतो. मंडपात पोचलो तर किशनराव आधीच हजर, टेम्पोतून जनरेटर आणि कूलर घेऊन. या खेपेला कूलर घरचा होता. मला बघताच त्यांनी खुर्ची पुढं केली, कूलर फिरवला आणि बटण दाबलं.

“बघा साहेब, गाडीकडं तोंड न्हाई केलं. तुमच्याकडं केलं.”

तेव्हापासून माझ्या सेलच्या दारावर पाटी आहे, ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये, कूलर आणू नये.’ नवी गिऱ्हाइकं वाचून हसतात. धडा म्हणाल तर एवढाच, की मनाजोगता आकडा आला की आधी इंजिनाला कोण काय खाऊ घालतंय ते बघावं. बाकी त्या दिवशी नांदेडात कूलरसमोर बसून मी रेखाच्या सगळ्या फेऱ्या बघितल्या. मला डायनोवर बांधलं असतं तर मीही पाच जास्तच दिले असते.