साडूंच्या पिशवीतली बॅटरी

माझ्या साडूंइतका सदैव तयारीत असलेला माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल. लढाईवरचा शिपाईसुद्धा कधीतरी पाठ टेकतो. हे कवठे महांकाळचे गृहस्थ स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकतानाही कान टवकारून उभे होते. आपलं रक्त ओ निगेटिव्ह आहे आणि ते सहसा मिळत नाही, हे कळल्यापासून त्यांनी ते स्वतःचं मानणंच सोडलं होतं. नव्वदचं दशक सरता सरता त्यांनी मोबाइल घेतला, तोही दवाखान्यांना आपण सापडावं म्हणून. पण त्या फोनचा जीव दुपारपर्यंतच. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत मोटारसायकलची बॅटरी आणि तिला मोटारीतला चार्जर जोडलेला. ॲसिड सांडून त्यांच्या प्रत्येक विजारीला मांडीवर भोकं पडली होती. आमच्या सोफ्यालाही पडल्यावर बायकोनं पिशवी बाहेर ठेवायला सांगितली, तर हे ताट घेऊन पिशवीशेजारी पायरीवर जाऊन बसले.

एकदा आम्ही दोघं मेढ्याला साखरपुड्यासाठी एसटीनं निघालो होतो. कराड मागे पडलं आणि फोन वाजला. कुणीतरी घाईघाईनं सांगत होतं, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, या गटाची बाटली कुठंच नाही. साडूंनी "कुठल्या दवाखान्यात?" म्हणेपर्यंत फोन बंद पडला. गर्दीत पिशवी चेंगरून बॅटरीची वायर निघाली होती, आणि सांगली-मिरजेच्या चार दवाखान्यांकडे त्यांचा नंबर होता.

गाडी थांबवून आम्ही हायवेवरच उतरलो. वायरीचं टोक वाकलं होतं, साडूंनी कितीदा लावली तरी ती जागेवर बसेना. शेवटी ती मी बॅटरीवर अंगठ्यानं दाबून धरली. फोनचा दिवा लागला, पण पडदा काळाच. साडू पुटपुटत होते, "बाई, जरा दम धर." एकदाचा पडदा उजळला आणि लगेच घंटी वाजली. दवाखाना मिरजेचा होता.

एका जीपवाल्यानं आम्हाला घेतलं. "कुठवर आलात?" असं दवाखान्यातून सारखं विचारत होते, आणि मिरजेपर्यंत मी अंगठा उचलला नाही.

रक्त देऊन झाल्यावर साडू बाकावर बसून राहिले. चहा आणला, तो घेईनात. बऱ्याच वेळानं नर्सनं येऊन बाई शुद्धीवर आल्याचं सांगितलं. तिचा नवरा साडूंसमोर येऊन उभा राहिला. साडूंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि गार झालेला चहा त्यालाच पाजला.

पुढं साठी उलटल्यावर रक्तपेढीच्या डॉक्टरांनी त्यांना हात जोडले, आता विश्रांती घ्या म्हणाले. मी सोबत होतो. बाहेर आल्यावर साडू माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, तुमचा गट कुठला वो?"

"बी पॉझिटिव्ह."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या," ते हळूच म्हणाले, "कुणाला ना कुणाला लागतंयच की."